खाँसाहेब कोणी व्हायचे?

कामठीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी सातवीत, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकते. यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी शाळेने ‘कट्यार काळजात घुसली’ या जुन्या संगीत नाटकातला अर्ध्या तासाचा भाग बसवायला घेतला आहे. बाईंनी मुलांचे वाचन घेतले, आवाज ऐकले आणि पात्रे वाटली. आफताब हुसेन खाँसाहेबांचे काम एका हिंदू मुलाला मिळाले, आणि या मुलीच्या वाट्याला पंडित भानुशंकर आले. घरात लगेच दोन तट पडले. वडील म्हणतात, नाव काढून घ्या. दादी म्हणते, काम द्यायचेच होते तर आपले पात्र आपल्या मुलीला द्यायचे, हा उलटा कारभार कशासाठी? मोहल्ल्यातल्या बायका तिला ‘पंडितजी’ म्हणून हाक मारतात आणि हसतात. मुलगी गप्प गप्प असते. आईने विचारले आहे, आम्ही शाळेत जाऊन पात्रे बदलून मागावीत का?

आमचे उत्तर आधीच सांगतो. नाव काढू नका, आणि अदलाबदलही मागू नका. शाळेशी बोलायचे मात्र आहे, ते कशाबद्दल हे पुढे येईल.

ज्यांनी नाटक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. विश्रामपूर नावाचे संस्थान आहे. तिथल्या राजगायकाला एक मानाची कट्यार मिळते आणि ती ज्याच्या हाती असेल त्याला एक खून माफ असतो. पंडित भानुशंकर हे पद वर्षानुवर्षे सांभाळतात. एके वर्षी ऐन दरबारात त्यांचा आवाज साथ देत नाही. राजगायकी, हवेली आणि कट्यार सगळे खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्याकडे जाते. पंडितजींचा शिष्य सदाशिव त्याच हवेलीत शिरून खाँसाहेबांची गायकी चोरून उचलू लागतो. खाँसाहेबांना ते कळते तेव्हा कट्यार म्यानातून बाहेर येते. कट्यार उगारलेला तो हात शेवटी खाली येतो, आणि तो का येतो यातच नाटक आहे. खाँसाहेब हट्टी आहेत, घराण्याच्या अभिमानाने आंधळे झालेले आहेत; पण खरा सूर कानावर पडला की त्यांच्याने खोटे बोलवत नाही. त्यांना खलनायक समजून जो हे काम करील तो फसेल.

नागपूरकरांना तर हे नाटक घरचे आहे. ते लिहिले पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. नागपूर त्यांना ‘दारव्हेकर मास्तर’ म्हणून ओळखत असे, आणि मास्तरकीच्या पेशातल्या आम्हा लोकांना या नावाचा जरा जास्तच अभिमान आहे, हे कबूल. त्यांचे ‘रंजन कला मंदिर’ याच शहरातले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. तेही अजमत हुसेन खाँ यांच्याकडे शिकलेले. डिसेंबर १९६७ मध्ये प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने नाटक रंगमंचावर आणले. संगीत नाटकाचे दिवस सरले असे जो तो म्हणत होता, त्या काळात या नाटकाने गर्दी खेचली.

खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे. मूर्तिजापूरला जन्मलेले, नागपुरात वाढलेले, ब्राह्मण घरातले. पोटासाठी लष्कराच्या हिशेब खात्यात कित्येक वर्षे नोकरी केलेला हा माणूस. बरेलीच्या उस्तादाचे काम अशा माणसाला द्यावे हे कागदावर तरी कोणाला सुचले नसते. पण त्यांचे शिक्षण पाहा. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यापासून सुरुवात. पुढे लाहोरला असद अली खाँ, त्यांच्याकडे मारवा. भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ. किराना घराण्याचे सुरेशबाबू माने; हे सुरेशबाबू म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचे चिरंजीव, जन्मनाव अब्दुल रहमान. उस्ताद शागिर्दावर रागावतो कसा, रागावल्यावर पुन्हा जवळ घेतो कसा, त्याच्या समोर बसायचे कसे, उठायचे कसे, हे सारे वसंतरावांनी उस्तादांच्या पायाशी बसून पाहिले होते. टोपी आणि शेरवानी घातली म्हणून ते खाँसाहेब दिसले नाहीत. आजही जुने प्रेक्षक खाँसाहेब म्हटले की वसंतरावांचाच चेहरा डोळ्यांपुढे आणतात. सिव्हिल लाइन्समधले आपले मोठे सभागृह त्यांच्या नावाचे आहे आणि दरवर्षी पावसाळ्यात तिथे त्यांच्या स्मृतीचा संगीत समारोह होतो. रेशीमबागेतले दुसरे मोठे सभागृह सुरेश भटांच्या नावाचे. म्हणजे एक सभागृह खाँसाहेब झालेल्या गवयाचे आणि दुसरे उर्दूतली गझल मराठीत रुजवणाऱ्या कवीचे. या शहरात आपण काही कोपऱ्यात उभे नाही, हे आपल्या मुलांना सांगायला हरकत नाही.

त्याच नाटकात खाँसाहेबांची मुलगी जरीना. ते काम फैयाज यांनी केले. सोलापूरची ही मुसलमान मुलगी जरीना करूनच थांबली असती तर दादींचे ‘आपले पात्र आपल्याला’ हे म्हणणे तिच्या बाबतीत पुरे झाले असते. त्या थांबल्या नाहीत. मराठी घरांतल्या कितीतरी बायका त्यांनी रंगमंचावर उभ्या केल्या, आणि २०१५ साली बेळगावच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. नुसत्या जरीनांवर तिथपर्यंत पोचता येत नाही.

कोणी कोणाचे काम करावे, याबाबत मराठी संगीत रंगभूमी पहिल्यापासूनच फारशी सोवळी नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात झाले, तिथून संगीत नाटक सुरू झाले असे शाळेत शिकवतात. पण पारशी मंडळींचे ‘इंदरसभा’ पाहून किर्लोस्करांना असे नाटक मराठीत करावेसे वाटले, हेही नाट्येतिहासकार लिहितात. ‘इंदरसभा’ लखनौच्या अमानतची, उर्दूतली. पुढे बालगंधर्व सिंधू झाले, भामिनी झाले, रुक्मिणी झाले, आणि घराघरांतल्या बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या. त्यांच्या साथीला तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्यात बालगंधर्व भामिनी आणि दुसऱ्या मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर. स्पर्धेतल्या दोन कंपन्यांचे दोन मालक एका नाटकात, हीसुद्धा त्या काळी न ऐकलेली पात्रयोजनाच. अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी भावंडांसह नाटक मंडळी काढली, आणि तिच्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. बालगंधर्वांच्या उतारवयात त्यांच्या नाटकांतल्या स्त्रीभूमिका गोहरबाई कर्नाटकींकडे आल्या. पुरुषाची रुक्मिणी ज्यांना चालत होती, त्यांतल्या अनेकांना मुसलमान बाईची रुक्मिणी चालेना. इतिहास सगळाच गोड नाही.

‘कट्यार’ अलीकडे पुन्हा उभी राहिली ती २०१० च्या सुमारास. दिग्दर्शन सुबोध भावे यांचे, खाँसाहेब वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे, सदाशिव महेश काळे. आजोबांचे काम नातवाने करणे यात कोणाला वावगे वाटण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून ते आपल्या विषयाला फारसे लागत नाही. नोव्हेंबर २०१५ मधल्या चित्रपटाने मात्र पात्रे वेगळीच वाटली. पंडितजी झाले शंकर महादेवन. तमिळ घरातले, मुंबईत वाढलेले, अभिनयाशी ज्यांचा संबंध नव्हता असे गायक. तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत यावर बरीच चर्चा झाली होती. मराठी पंडिताला मराठी नट मिळत नाही का, असा तिचा सूर होता. चित्रपट पाहून आल्यावर तो विषय कोणी काढला नाही. खाँसाहेब सचिन पिळगावकर, आणि त्यांच्यासाठी गाणारा आवाज राहुल देशपांडे यांचा. लहानपणी मीनाकुमारींकडून उर्दू शिकल्याचे सचिन सांगतात, आणि त्या तालमीचा उपयोग पडद्यावर जाणवतो. आमची तक्रार पात्रयोजनेबद्दल नाही, कथेबद्दल आहे. पंडितजींचा आवाज जाण्यामागे चित्रपटात खाँसाहेबांच्या पत्नीचा हात दाखवला आहे. त्यामुळे दोन गायकींचा झगडा थोडा बाजूला पडतो आणि एका घरावर डाग लागतो. हे बदल लिहिणाऱ्याने टेबलावर बसून केले. कोणत्या नटाने कोणाचे काम केले याच्याशी त्यांचा संबंध नाही. दादींना रागवायचेच असेल तर यावर रागवावे, आम्हीही त्यांच्या बाजूला बसू.

गंमत म्हणजे त्याच २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये ‘हॅमिल्टन’ नावाचे संगीत नाटक आले. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातले वॉशिंग्टन, जेफरसन वगैरे गोरे पुढारी त्यात काळ्या आणि लॅटिन वंशाच्या नटांनी केले. पुढे २०२२ मध्ये ‘१७७६’ हे १९६९ चे जुने संगीत नाटक तिथे पुन्हा बसवले गेले, तेव्हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारी सगळी पुरुषमंडळी अशा कलाकारांनी केली, ज्यांत पुरुष नट एकही नव्हता. यावर टीका झाली, कौतुकही झाले. ज्यांना त्या काळी त्या सभेत बसू दिले नव्हते, त्यांच्या तोंडून तीच भाषणे ऐकताना प्रेक्षक शब्दांकडे नव्याने पाहतो, असा त्यामागचा विचार होता.

आता आपल्या शाळांकडे येऊ. वीसेक वर्षे आम्ही स्नेहसंमेलने बसवतो आणि पाहतो. मराठी शाळेत आपला मुलगा असला की शिवाजी महाराजांच्या नाटकात त्याच्याकडे अफजलखान येतो. पंधरा ऑगस्टला मौलाना आझाद येतात. ईदवर पाच वाक्ये बोलायची असली की सगळा वर्ग त्याच्याकडे वळून पाहतो. यात शाळेचा दुष्ट हेतू असतोच असे नाही. पुष्कळदा बाईंना वाटते की मुलाला आनंद होईल. उर्दू शाळांत आम्हीही दुसरे काय करतो? आमच्या नाटकात सावित्रीबाई फुले सहसा येत नाहीत, फातिमा शेख तेवढ्या येतात. पण या दोघींनी एकाच काळात पुण्यात मुलींना शिकवले. सावित्रीबाई झालेली आमची एखादी शबाना आणि फातिमा शेख झालेली दुसऱ्या शाळेतली एखादी शुभांगी आम्हाला अजून पाहायला मिळालेली नाही. ‘आपले पात्र आपल्याला’ हा नियम आपण स्वतःच मागून घेतला, तर दुसऱ्या दिवसापासून आपल्या मुलांना टोपी घातलेलीच पात्रे मिळतील, आणि ती किती असतात व कशी असतात हे आपण मालिकांत पाहतोच. कामठीच्या या मुलीला तिच्या बाईंनी नाव न पाहता पंडितजी दिले. विद्या आणि कला यांतला फरक समजावणारा, हरल्यानंतरही ज्याच्या मोठेपणाची छाया साऱ्या नाटकावर राहते असा तो माणूस आहे. तेरा वर्षांच्या मुलीवर एवढा विश्वास टाकणारी शिक्षिका रोज भेटत नाही.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शंकांकडे वळू. या शंका क्षुल्लक समजून आम्ही पुढे जाणार नाही. स्त्रीने पुरुषाचा आणि पुरुषाने स्त्रीचा वेश घेण्याबाबत हदीसमध्ये नापसंती आहे. गाण्या-वाजवण्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. कपाळावर गंध लावणे आपल्या घरांना मान्य नसते. या बाबतीत आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही; ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे त्या आलिमांना विचारा. पण विचारायला जाण्यापूर्वी शाळेला विचारून घ्या की मुलीला नेमके काय काय करावे लागणार आहे. पगडी, धोतर, मिशा, गंध यांतले काहीही पंडितजींना आवश्यक नाही. मुलगी आपल्या सलवार-कमीज आणि ओढणीत बसू शकते, फार तर खांद्यावर एक साधी शाल. ‘हॅमिल्टन’मध्ये कोणी चेहऱ्याला रंग लावून गोरे झाले नव्हते, जो जसा आहे तसाच उभा राहून वॉशिंग्टन झाला. गाण्याला घरून परवानगी नसेल तर ती संवाद म्हणेल, पद दुसऱ्या मुलाने पडद्याआडून गावे. संगीत नाटकाच्या रसिकांना हे रुचणार नाही, शाळेत चालते. शाळेशी बोलायचे आहे ते एवढ्याबद्दल. वडिलांनी स्वतः जावे आणि आवाज न चढवता सांगावे. पात्र बदला म्हणण्यापेक्षा वेश बदला म्हणणे बाईंनाही सोपे जाईल.

दुसरी गोष्ट त्या मुलाबद्दल सांगायची. खाँसाहेब करणाऱ्याला डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत, तोंडात पान आणि प्रत्येक वाक्याला ‘अमां मियाँ’ असे देण्याचा मोह सगळ्यांना होतो. प्रेक्षक हसतात आणि उस्तादाचा विदूषक होतो. आपण तालमीला गेलो तर हे हलक्या हाताने सांगता येते. सलाम कसा करतात, मोठ्यांसमोर पाठ न दाखवता मागे कसे सरकतात, रियाजाला बसताना तानपुऱ्याला पाय लागू नये म्हणून किती जपतात, हे त्या मुलाला कोणीतरी दाखवायला हवे. दाखवायला दादींपेक्षा योग्य माणूस कोण आहे? ‘आपले पात्र’ म्हणून ज्याचा त्यांना जिव्हाळा वाटतो, त्याला सांभाळायचे काम त्यांनीच घ्यावे.

आणि तलफ्फुज. भाषा शिकवणाऱ्यांना इथे राहवत नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे. नाटकातले खाँसाहेब मराठीत हिंदुस्थानी मिसळून बोलतात. मराठी मुलाच्या जिभेला ‘ख़’, ‘ग़’, ‘क़’ हे घशातले उच्चार येत नाहीत, कारण मराठीला ते लागत नाहीत आणि मराठी छपाईत नुक्ताही नसतो. ‘ज़’चे तर विशेष आहे. मराठीत ‘ज’चे दोन उच्चार आहेत, ‘जग’मधला वेगळा आणि ‘जरा’मधला वेगळा. मुलगा ‘ज़बान’ म्हणताना ‘जरा’मधला ‘ज’ वापरतो आणि आपण बरोबर म्हणालो असे त्याला वाटते. त्याला सांगावे की जीभ वर टेकवायचीच नाही, नुसता वारा सोडायचा, ‘स’ म्हणताना सोडतो तसा, फक्त आवाज मिसळून. ‘ग़’साठी पाण्याची गुळणी करायला सांगावे, मुले खूश होतात. आपल्या मुलीने मदरशात कायदा गिरवताना हे सगळे मख़ारिज लहानपणीच घोटलेले असतात. तिच्याकडे हे शिक्षण तयार आहे, वर्गात ते कधी कोणी मागितले नाही एवढेच. खाँसाहेबांचे ‘ख़’ पंडितजींनी शिकवावे.

उलट बाजूला तिची अडचण ‘ळ’ आणि ‘ण’. घरी हिंदी-उर्दू बोलणारी आपली मुले ‘काळजात’ला ‘कालजात’ म्हणतात आणि ‘घराणे’ला ‘घराने’. पंडितजींच्या तोंडी हे खटकेल. ‘ळ’साठी जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावून झटकन सोडायचे, ‘बाळ, माळ, टाळ, सकाळ, काळीज’ अशी पाच शब्दांची माळ सकाळ-संध्याकाळ दहा वेळा म्हटली तर पंधरवड्यात फरक पडतो. हे तिला खाँसाहेब झालेल्या मुलाकडून म्हणवून घेता येईल. मोहल्ल्यातले लोक हसले तर हसू द्या. आपल्या वऱ्हाडातली अस्सल मराठी माणसेही घरी ‘डोळ्या’ला ‘डोया’ आणि ‘केळी’ला ‘केयी’च म्हणतात, त्यामुळे प्रेक्षकांत ‘ळ’वरून हसण्याचा अधिकार फार थोड्यांना असतो.

तालमी किती वाजता सुटतात हे मात्र बाईंना नक्की विचारून घ्या. डिसेंबरात इकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मगरिबच्या आत मुलगी घरी यावी ही आईची अपेक्षा रास्त आहे. शेवटच्या आठवड्यात रंगमंचावरची तालीम लांबते, तेव्हा वडिलांनी आणायला जावे, आणि थोडे लवकर जाऊन मागच्या बाकावर बसून ऐकावे.